सासऱ्यांची सपाट वाटी

साठ ग्रॅम ज्वारीचं पीठ म्हणजे किती, असं मी एकदा मोबाइलला विचारलं. तो म्हणाला, अर्धा कप. मला इतका संताप आला की मोबाइल चुलीत घालावासा वाटला. कुणाचा कप? आमच्या घरात कप म्हणजे चहाचा, कान तुटलेला, आणि एकासारखा दुसरा नाही. खाली त्या कपाचं चित्रही होतं, लांब दांड्याचा, गुलाबी रंगाचा. तसला कप आमच्या तालुक्यात कुणाच्या बापाने पाहिला नसेल. शिवाय वर टीप दिली होती की पीठ चाळलेलं असेल तर हे माप बदलेल आणि दाबून भरलं असेल तरीही बदलेल. मग सांगायला आलात कशाला?

मी अंगणवाडी सेविका आहे. मापं मला नवी नाहीत. एका लेकराला इतके ग्रॅम तांदूळ, इतके ग्रॅम डाळ, असं आम्हाला वरून सांगतात, आणि आमच्या हातात असतो एक पोचे पडलेला डबा. मी आणि मदतनीस बाई ते ग्रॅम त्या डब्यात बसवतो. इतकी वर्षं बसवत आलो. त्यामुळे घरातही ग्रॅमचं वाटीत करायचं ठरलं तेव्हा मला हसूच आलं होतं. पण हेच काम माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात अडलं, आणि असं अडलं की एका माणसाच्या पायाचा अंगठा कापायची वेळ आली.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. माझं आणि त्यांचं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गोड बोलण्याची आशा धरणार नाही. माझं माहेर बीबीचं, लोणारकडचं, मराठवाड्याच्या सीमेलगतचं. मी लग्न होऊन इकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि पहिल्याच दिवशी ‘मला पाणी द्या’ म्हणाले. सासरे ओसरीवरून ओरडले, “मराठवाड्याची हाय थे. मले नाही म्हनत, मला म्हनते.” सगळे हसले. मी अजूनही ‘मला’च म्हणते, मुद्दाम.

आमच्याकडे सासरा सुनेशी तोंडावर बोलत नाही. त्यांना पाणी हवं असेल तर मी समोर उभी असताना ते बैलाकडे बघून म्हणायचे, “बाईले सांगा, पानी आना.” मीही खांबाकडे बघून म्हणायचे, “मामाजींना सांगा, तांब्या तिथंच ठेवलाय.” असा आमचा संसार चालला होता. मध्ये माझा नवरा असायचा, पण त्याचा सगळा शब्दकोश ‘राहू दे आता’ एवढाच. कुणाचंही भांडण असो, कशावरूनही असो, तो डोकं खाजवत म्हणतो, राहू दे आता.

सासऱ्यांना साखर होती हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही होतं. गोळी घ्यायची आणि वर गुळाचा चहा प्यायचा, असा त्यांचा इलाज. मग तूर कापल्यावर वावरात अनवाणी फिरताना त्यांच्या अंगठ्यात तुरीचा धस घुसला. कापलेल्या तुरीचं जमिनीत राहिलेलं खुंट ते, सुईसारखं टोकदार. दुसरा माणूस असता तर आठवड्यात बरा झाला असता. यांची जखम बरी होईना. नख काळं पडलं, मग नखाखालचं मांस. शेवटी अकोल्याला नेलं.

डॉक्टर शांत माणूस होता. तो म्हणाला, साखर खाली आणा, अंगठा वाचेल. नाही आली तर अंगठा काढावा लागेल, आणि साखर अशीच राहिली तर गोष्ट अंगठ्यावर थांबणार नाही.  सासऱ्यांचा हात माझ्या नवऱ्याच्या बाहीला चिकटलेला मी पाहिला. सकाळी वावर आणि संध्याकाळी मारुतीचा ओटा, एवढंच त्यांचं जग, आणि दोन्हीकडे चालत जावं लागतं. त्या माणसाला मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

तिथल्या आहाराच्या मॅडमनी सगळं ग्रॅममध्ये सांगितलं. एका वेळेला ज्वारीचं पीठ साठ ग्रॅम, डाळ एवढी, तांदूळ नकोच, पालेभाजी पोटभर. सगळं कच्चं वजन, शिजवायच्या आधीचं. मॅडम कोवळ्या वयाच्या होत्या आणि त्यांना वाटत होतं की प्रत्येक घरात ओट्यावर वजनकाटा असतो.

नवऱ्याने तोही आणला. जळगावहून, म्हणजे आमच्या जामोदच्या जळगावहून, खानदेशच्या नव्हे. छोटा, पांढरा, सेलवर चालणारा. मी तो चुलीशेजारी ठेवला, वर परात ठेवली आणि पीठ टाकायला सुरुवात केली, तेवढ्यात सासरे लंगडत दारात आले.

“हे काय हाय बे?” त्यांनी मुलाला विचारलं.

“काटा हाय, बाबा. तुमच्या पिठासाठी.”

“जिंदगीभर कापसाच्या काट्यावर डोये लावून बसलो मी. व्यापारी काटा मारे अन् मी पाहत राहो. आता मह्याच घरात मह्या भाकरीले काटा लावता काय?”

परात बाजूला सारून त्यांनी काटा उचलला आणि अंगणात भिरकावला. तो जनावरांच्या हौदात पडला. गाय दचकली. मी खांबाकडे बघून म्हणाले, “मामाजींना सांगा, अंगठा त्यांचा आहे, माझा नाही.” नवरा म्हणाला, राहू दे आता.

म्हणून वाटी. काटा घरात चालत नसेल तर त्या काट्यावरचं वजन वाटीत लपवून आणायचं, एवढाच माझा विचार होता. मोबाइलने कपाचं सांगितल्यावर मी त्याचा नाद सोडला आणि घरातल्या सगळ्या वाट्या पिशवीत घालून किराणा दुकानात गेले. संक्रांतीच्या वाणात आलेल्या, बारशाच्या, सासूबाईंच्या लग्नातल्या जाड पितळी, सगळ्या. मी मांडलेली ती भांड्यांची ओळ दुकानदाराने पाहिली.

“काय मोजून राह्यल्या वहिनी?”

“सासऱ्याचं पोट.”

तो हसला, पण त्याने काटा मोकळा करून दिला. मी त्या दिवशी जे पाहिलं ते अंगणवाडीत इतकी वर्षं काढूनही नीट पाहिलं नव्हतं. एकाच वाटीत तांदूळ घाला, डाळ घाला, काटा सारखाच वर जातो. त्याच वाटीत पीठ घाला, कितीतरी कमी. पोहे घाला, काट्याला कळतच नाही. दाण्याचा कूट तर नुसता लबाड, सैल टाकला की एक आणि बोटाने दाबला की भलताच. गिरणीतून नुकतं आणलेलं गरम पीठ फुगलेलं असतं आणि चार दिवस डब्यात बसलेलं पीठ खाली दबतं, म्हणजे तीच वाटी, तेच पीठ, आणि वजन दोन. मी दोन्ही करून पाहिलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. एका बाईने विचारलं की तुम्ही दुकान विकत घेतलं का. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शेवटी एक वाटी सापडली. वाणातलीच, पातळ पत्र्याची, बुटकी. डब्यातलं पीठ सैल हाताने भरायचं आणि सुरीची पाठ काठावरून फिरवायची की बरोबर साठ ग्रॅम. तीनदा करून पाहिलं. डाळीसाठी तीच वाटी अर्ध्याहून कमी भरायची, तर आत मी लाल नखपॉलिशची रेघ ओढली. घरी आले तेव्हा लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

सकाळची भाकरी सासूबाई करतात, कारण मला अंगणवाडी उघडायची असते. रात्रीची माझ्याकडे. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्याशी माझं वैर नाही, पण मैत्रीही नाही. त्या सासऱ्यांच्या बाजूच्या, आणि सासऱ्यांची बाजू म्हणजे माझ्या विरुद्धची. मी त्यांना वाटी दाखवली, सुरी दाखवली, त्यांच्यासमोर भरून पाठ फिरवून दाखवली. “एक वाटी, आत्याबाई. एका वेळेला एकच. जास्त नाही.”

“हाव माय,” त्या म्हणाल्या. “एकच.”

मग आमच्या घरात युद्ध सुरू झालं. एका वेळेला तीन भाकरी हाणणारा माणूस, त्याच्या ताटात एक पातळ भाकर. सासरे ताटाकडे बघायचे, मग छताकडे, मग मोठ्याने देवाला विचारायचे की मी काय पाप केलं. संध्याकाळी लंगडत मारुतीच्या ओट्यावर जायचे आणि तिथे सांगायचे, “सून वाटीनं मोजून घालते मले.”

हे वाक्य आमच्या भागात किती वाईट आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. सून वेगळी निघाली तर लोक समजून घेतात. सून भांडली तर ऐकायला गोळा होतात आणि विसरतात. पण म्हाताऱ्याच्या भाकरीचं पीठ मोजलं, हे कुणी विसरत नाही. धान्याचं घर आमचं. पायलीने मोजायचं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायला. त्या घरात धन्याचं पोट मोजायचं? नळावर बाया माझ्यासाठी जागा करून द्यायला लागल्या, तीही अशा रीतीने की शिवल्यासारखं होऊ नये. एक लेकुरवाळी अंगणवाडीच्या दारात मला म्हणाली, “मॅडम, मह्या पोराले खिचडी भरून द्याजा हो. घरच्यासारकं नका करू.” मी तिच्या लेकराला ठरलेलीच खिचडी दिली आणि दिवसभर माझे कान तापलेले होते.

एवढं ऐकून घेऊन साखर उतरली असती तरी मी गप्प बसले असते. ती उतरेना. बोट टोचून बघायचं यंत्र आणलं होतं, ते रोज वरचाच आकडा दाखवायचं. जखम ओलीच. मी हिशेब लावला की म्हातारा बाहेर खातोय. दुसरं काय असणार? घरात तर वाटी आहे.

समोरच्या म्हातारीच्या ओट्यावर त्यांना चहा पिताना मी पकडलंच होतं. मी तिच्या दारात गेले.

“मामाजींना काय काय खाऊ घालता तुम्ही?”

“काय घालू? तुह्या घरी भेटत नाही थे मागतात बिचारे.”

“चहात साखर किती टाकता?”

“मोजून नाही टाकत माय मी,” म्हातारी म्हणाली आणि गल्लीकडे बघून आवाज चढवला, “मी का तू हाव?”

गल्ली हसली. सगळी गल्ली बाहेर आली होती, पापडाच्या लाट्या हातात घेऊन. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्या मुलाबद्दल बोलले, तिच्या मुलाच्या मोटरसायकलबद्दलही. तिने तिच्या नातवाची शपथ घेतली की एका चहाशिवाय काही दिलं नाही. मी म्हणाले, शपथा घ्यायला तोंड लागतं, अंगठा जात नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही, कारण त्या एका चहातसुद्धा तीन चमचे साखर होती, हे तिनेच नंतर नळावर दुसऱ्या बाईजवळ कबूल केलं.

पुढच्या वेळी अकोल्याला गेलो तेव्हा डॉक्टरने पट्टी सोडली आणि जखमेच्या कडा दाबून पाहिल्या. मग म्हणाला की आता पुढच्या वेळेला राहायच्या तयारीने या. म्हणजे काय, हे आम्हाला समजलं. येताना बसमध्ये सासरे खिडकीशी बसले होते, चप्पल काढून, पाय समोर ठेवून. ते पायाकडे बघत खिडकीला म्हणाले, “वावरात कसा जाईन आता.” कुणालाच उद्देशून नव्हतं ते. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाच मला राग आला. या माणसाने माझं नाव गावभर केलं होतं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी अंगणवाडीची किल्ली घरी विसरली म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत आले. दार उघडंच होतं. चुलीपुढे आत्याबाई बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. पिठाचा डबा मांडीशी, वाटी हातात. त्यांनी वाटी डब्यात बुडवली आणि ‘लाभ’ असं पुटपुटल्या. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग वाटीवर त्यांनी तळहाताने हलकेच थापलं, पीठ खाली बसवलं, आणि डाव्या हाताच्या मुठीतून वरून पीठ सोडू लागल्या. पीठ चढत गेलं. पीठ धान्यासारखं घरंगळत नाही, चढतच राहतं. कडेने थोडं परातीत सांडलं तेव्हा त्या थांबल्या. सुरी फळीवर होती, कोरडी.

“आत्याबाई, हे काय?”

त्या दचकल्या नाहीत. “भाकर टाकून राह्यली ना माय.”

“वर ढीग कसला?”

“ढीग कायचा? शीग हाय थे.”

“मी एक वाटी सांगितली होती.”

“एकच टाकली वं मी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच काही लपवल्याचं नव्हतं. “तू सांगतली तशीच. रोज एकच.”

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. आमच्याकडे पायलीने धान्य मोजलं तर वर शीग येतेच, काठाच्या वरचं ते निमुळतं टोक. ती शीग कुणी मोजत नाही. मजुराला द्या, नाहीतर देवळात द्या, शिगेसकट जे येतं ते एक माप. शीग मापाचीच. आत्याबाईंनी माझी एक वाटी त्यांच्या हिशेबाने प्रामाणिकपणे एक वाटीच भरली होती, रोज सकाळी, त्या जखमेवर. नंतर मी तशीच वाटी भरून दुकानात नेली. थापून, शीग घालून. साठाचे शंभराच्या वर गेले होते. डाळीचंही तेच, लाल रेघेच्या वर बोटभर.

पण ते नंतर. त्या वेळी मी ओरडले. “मी सुरी फिरवून दाखवली होती की नाही?”

“दाखोली.”

“मग?”

आत्याबाईंनी वाटी खाली ठेवली. त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. “सपाट माप आपुन कवा भरतो?” त्यांनी विचारलं. “मानूस गेल्यावर शिधा देतो, तवा. मह्या सासूनं मले शिकोलं. मजुराले बी शीग देल्ली या घरानं. अन् मी मह्या जित्या नवऱ्याले सपाट देऊ?”

“त्यांचा अंगठा चाललाय, आत्याबाई! तुमच्या शिगेनं चाललाय. पाय जाईल उद्या. मग कुणाला शीग द्याल?”

त्या रडतील असं मला वाटलं. नाही रडल्या. त्यांनी वाटीतलं सगळं पीठ परत डब्यात ओतलं, वाटी पदराने पुसली आणि माझ्या पुढ्यात सरकवली.

“मंग तूच भर,” त्या म्हणाल्या. “मह्याच्यानं नाही होत. तुले त्याची माया नाही, तुले जमन.”

त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. गाईला चारा घाल म्हणावं तशा आवाजात म्हणाल्या.  त्या उठून बाहेर गेल्या. मी खाली बसले, वाटी भरली, सुरीची पाठ फिरवली. अंगणवाडी त्या दिवशी उशिरा उघडली आणि लेकरं दारात रडत बसली होती.

तेव्हापासून सकाळचंही मीच करते. मी वाटी हातात घेतली की आत्याबाई अंगणात जातात, काम नसलं तरी. गोठ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. सुरी फिरल्याचा आवाज त्यांना तिथे येत असेल का, कुणास ठाऊक.

पहिल्या सकाळी सासऱ्यांनी ताट पाहिलं. शीग गेल्यावर सकाळची भाकरही रात्रीच्याएवढीच उरली, ते त्यांना लगेच दिसलं. त्यांनी बैलाकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून बोलले.

“तू मले मारून टाकशीन.”

“नाही मारत,” मीही सरळ म्हणाले. “जेवा.”

त्यांनी ताट सरकवलं. मी परत पुढे केलं. दुपारपर्यंत ते तसंच पडून होतं आणि शेवटी भुकेने त्यांनी ते खाल्लं, एक एक घास करून, प्रत्येक घासाला मला शिवी देऊन. त्या शिव्या मी ऐकल्या. माझ्या बापाला, बीबीला, माझ्या शिक्षणाला. मीही कमी नव्हते. मी त्यांना म्हणाले की तुम्हाला भाकरी जास्त हवी असेल तर अंगठा काढून द्या, तोलून घेऊ. नवरा घरातून बाहेर पडला. ‘राहू दे आता’ म्हणायलाही थांबला नाही.

असे कित्येक दिवस गेले. लोणच्याची बरणी मी कुलपात ठेवली, कारण ते लोणच्याबरोबर उरलेला भात मागायचे. गुळाची ढेप माझ्या पेटीत. शेंगदाणे पेटीत. एकदा ते चोरून शेंगदाणे खाताना सापडले, मूठभर, आणि मी ती मूठ त्यांच्या हातातून बोटं उघडून काढून घेतली. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं आणि शेंगदाणे पेटीत टाकून झाकण लावलं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण शेंगदाणे दिले नाहीत.

मग यंत्रावरचा आकडा उतरायला लागला. आधी थोडा, मग बरा. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. अकोल्याला राहायच्या तयारीने पिशव्या भरून गेलो आणि पिशव्या न सोडता परत आलो. डॉक्टर म्हणाला, घरात कुणीतरी नीट बघतंय. सासरे त्याला म्हणाले, “उपाशी मारून राह्यले, साहेब.” डॉक्टर हसला. मी नाही हसले.

अंगठा बरा झाला आणि त्याचा पहिला उपयोग त्यांनी काय केला? ते रोज मारुतीच्या ओट्यावर जायला लागले, लंगडल्याशिवाय, आणि तिथून पुढे वरच्या आळीतही. जिथे त्यांना आधी जाता येत नव्हतं तिथपर्यंत माझी बदनामी पोचली. आठवडी बाजारात एका अनोळखी बाईने माझ्याकडे बोट दाखवलं.

या उन्हाळ्यात चुलत घरात लग्न होतं. मांडवात पंगत बसली. पुरुषांच्या ओळीत सासरे नवा सदरा घालून बसले होते, चपला मांडवाबाहेर काढून. मी बायकांच्या बाजूला उभी होते. वाढणारा पोरगा बुंदीचं घमेलं घेऊन आला आणि त्याने सासऱ्यांच्या पत्रावळीवर झारा ओतला. सासरे म्हणाले, “टाक अजून.” त्याने अजून टाकली. वर आणखी टाकली. चांगली शीग झाली.

मी ओळी ओलांडून पुरुषांच्या पंगतीत गेले. हे आमच्याकडे बायका करत नाहीत. मी वाकले, दोन्ही हातांनी ती बुंदी पत्रावळीवरून उचलली आणि पोराच्या घमेल्यात परत टाकली. मग त्यांच्या पोळ्या उचलल्या, एक ठेवली.  चुलत सासूचा आवाज आला, “हीच थे. सासऱ्याले मापानं जेवू घालनारी.” कुणीतरी ‘राम राम’ म्हणालं. माझा नवरा कुठेतरी खांबाआड होता.

सासरे उठले. त्यांचं तोंड लाल झालं होतं. ते मला काहीतरी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि ते मी इथे लिहीत नाही. मग त्यांनी पुढचा पाण्याचा स्टीलचा पेला लाथेने उडवला, उजव्या, त्याच अंगठ्याच्या पायाने. पेला वाजत वाजत मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी खाली वाकून त्यांचा अंगठा बघत होते. रक्त आलं नव्हतं.